बचाव, साहित्यासह

गरीब घरातल्या तरुणांवर खटला झाला, तर त्यांचा बचावही श्रीमंतांच्या मुलांइतकाच चांगला व्हायला हवा, असं शासनाचं ठाम मत होतं. हे मत शासनाने सलग अकरा वर्षं अगदी जिवापाड जपलं आणि त्यावर कधी खर्चाची वेळ येऊ दिली नाही. बाराव्या वर्षी त्यासाठी निधी मंजूर झाला, आणि तिथून पुढे सगळं बिघडत गेलं.

तोवर या कामाला एकच माणूस होतं, ते म्हणजे वकीलबाई. कोर्टाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली त्यांची खोली होती. खोलीचं छत म्हणजे जिन्याचीच खालची बाजू, त्यामुळे टेबलाच्या एका अंगाला माणूस उभा राहू शकायचा आणि दुसऱ्या अंगाला फक्त बसू शकायचा. दार नव्हतं. आरोपीशी काही खासगी बोलायचं झालं, तर सोबतचा हवालदार सौजन्याने तोंड दुसरीकडे फिरवायचा. कान फिरवायची सोय त्याच्याकडे नव्हती. या खोलीत बसून वकीलबाई एकशे त्रेसष्ट तरुण आरोपींचा बचाव करत होत्या.

दर तारखेला प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं यायची. त्यातलं एक फाइल शोधण्यात जायचं, एक या फाइलचा आरोपी नेमका कोणता ते ओळखण्यात, आणि एक त्याला 'रडू नकोस, घरून कोणी आलंय का' असं विचारण्यात. उरलेल्या एका मिनिटात कायदा. वकीलबाई हुशार होत्या, मनाने चांगल्या होत्या, आणि इतक्या दमलेल्या असायच्या की घरी धाकट्या बहिणीने 'ताई, जेवायला चल' म्हटलं की या नकळत म्हणायच्या, 'पुढची तारीख द्या.'

दर वर्षी त्या शासनाकडे अर्ज करायच्या. मागण्या काही डोंगराएवढ्या नव्हत्या. दोन कनिष्ठ वकील, कागदपत्रं गोळा करून आणायला एक माणूस, आणि दार असलेली एक खोली. अकरा वर्षं त्यांनी हे तीन-तीन पानांत सविस्तर लिहिलं. बाराव्या वर्षी वेळच नव्हता, म्हणून एका वाक्यात उरकलं: 'अल्प उत्पन्न गटातील तरुणांच्या बचावासाठी आवश्यक ते मनुष्यबळ व साहित्य तातडीने मिळावे.' साहित्य म्हणजे एक कपाट आणि चार रिमं कागद, असं त्यांच्या मनात होतं. ते मनातच राहिलं, अर्जात उतरलं नाही.

अर्ज गेला आणि पाठोपाठ त्यांच्याकडे काडीचं प्रकरण आलं.

काडी हा अठरा-एकोणीस वर्षांचा, अंगाने अगदीच बारीक मुलगा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत शिकाऊ होता. एका इमारतीतली पाण्याची मोटर चोरीला गेली होती आणि 'पिशवी घेतलेला एक बारीक मुलगा' तिथून जाताना रखवालदाराने पाहिला होता. काडी बारीक होता आणि त्याच्याकडे पिशवी होती. पोलिसांनी पिशवी उघडली तर आत पाने, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर निघाले, म्हणजे चोरीची सगळी जय्यत तयारीच. घरी काय म्हणतात, असं विचारल्यावर तो 'काडी' म्हणाला, तेव्हा हवालदाराने 'काड्या करण्याच्या सवयीवरून पडलेले नाव' अशी नोंद करून टाकली. अंगकाठीकडे बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

त्याला लहानाचं मोठं केलं ते आत्याने. ती लाँड्रीत इस्त्री करायची. कामावरून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून ती वकीलबाईंकडे आली, आणि उभं राहायच्या बाजूला उभी राहून तिने सगळं सांगितलं. चोरी झाली अकराच्या सुमाराला. त्या वेळी पोरगा सरकारी दवाखान्याच्या लिफ्टवर काम करत होता. वर मशीनच्या खोलीत वही टांगलेली असते, तिच्यात कधी आला, कधी गेला ते लिहून त्याने सही केलेली असणार. वही दाखवली की विषय संपला.

"मग वही आणा ना," वकीलबाई म्हणाल्या.

"गेले होते, बाई. ते म्हणाले, वही वकिलालाच दाखवू. वकिलाने स्वतः यायचं, अकरा ते एकच्या आत."

अकरा ते एक या वेळात वकीलबाई कोर्टात असायच्या. अकरा ते एक या वेळात साऱ्या जगातले वकील कोर्टातच असतात, आणि बहुधा म्हणूनच दवाखान्याने ती वेळ ठेवली असावी.

"चोवीस तारखेला आहे त्याचं," आत्या म्हणाली. "त्या दिवशी सोडलं तर बरं. कंपनीचे सुपरवायझर माणूस म्हणून चांगले आहेत, महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाले. एक तारखेला दुसरा मुलगा घेणार. दोन वर्षं रांगेत उभं राहून मिळालेली जागा आहे हो ती. गेली की गेली."

वकीलबाईंनी कॅलेंडर पाहिलं. चोवीसच्या आत एक सकाळ मोकळी करायची होती. एक कनिष्ठ वकील हाताशी असता तर आजच पाठवला असता. त्यांनी आत्याला सांगितलं, बघते. हा शब्द त्या दिवसातून चाळीसदा उच्चारायच्या, आणि प्रत्येक वेळी त्यांना आतून लाज वाटायची.

दुसऱ्याच दिवशी निधी मंजूर झाल्याचं पत्र आलं. 'तरुण बचाव सक्षमीकरण योजना.' वकीलबाईंनी पत्र दोनदा वाचलं, शिपायाला चहा पाजला आणि बहिणीला फोन करून सांगितलं की आज मी घरी वेळेवर येते. मनुष्यबळाचं कलम 'यथावकाश' होतं, पण साहित्य मात्र त्याच आठवड्यात पोचणार होतं.

साहित्य ट्रकने आलं. नारिंगी रंगाची चारशे लाइफ जॅकेटं, साठ तरंगती कडी, नायलॉनचे दोर, कप्प्या, शिट्ट्या, आणि हवा भरायच्या दोन होड्या. सगळ्यात जवळची नदी दीड तासावर होती, आणि तिच्यात वर्षातले आठ महिने मुलं क्रिकेट खेळायची.

ट्रकवाल्याला माल 'बचाव कक्षात' उतरवायचा आदेश होता. बचाव कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. तासाभरात ती तळापासून छतापर्यंत नारिंगी झाली आणि वकीलबाई आपलं टेबल घेऊन बाहेर बोळात बसल्या. निदान आता दोन्ही बाजूंना उभं राहता येत होतं.

दुपारी काम अर्धवट टाकून त्या योजना कार्यालयात गेल्या. तिथल्या कारकुनाने त्यांचीच नस्ती काढून त्यांच्यासमोर ठेवली. आपलं काय चुकलं हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. अर्जात 'बचाव' लिहिलं होतं. खर्चाच्या शीर्षांच्या यादीत 'बचाव' एकदाच होता, आपत्तीच्या पानावर, आणि त्याच्यासमोर साहित्याची यादी छापलेलीच होती.

"अहो, हा कोर्टातला बचाव," वकीलबाई म्हणाल्या.

"तसं लिहायला हवं होतं, बाई. आता तुम्हीच सांगा, बचाव म्हणजे काय? माणूस बुडतोय, त्याला वर काढायचं."

"तेच तर करते मी."

"झालं तर मग. साहित्य बरोबर आहे."

माल परत करता येईल का, असं त्यांनी विचारलं. येईल, कारकून म्हणाला, सदोष असेल तर. जॅकेटं बुडतात का? वकीलबाईंना खोटं बोलता येत नसे, वकील असूनही. त्या म्हणाल्या, बुडत नसावीत. मग दोष कुठला दाखवणार? आणि माल नाकारला तर 'या कोर्टात बचावाची गरज नाही' असा शेरा पडतो, आणि असा शेरा पडला की पाच वर्षं काही मागता येत नाही. एवढं सांगून त्याने त्यांना आतल्या साहेबांकडे पाठवलं. साहेब फार सज्जन. ते म्हणाले, शब्दात अडकू नका, भावना बघा. गरीब तरुणांना आम्ही बुडू देणार नाही, एवढीच आमची भावना आहे. वकीलबाई म्हणाल्या की मला होडी नको, एक माणूस द्या, एका सकाळीपुरता. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि माणूस दिला.

तो पोहण्याचा प्रशिक्षक निघाला. योजनेत बचाव करणाऱ्या कर्मचाऱ्यांना दहा दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं, रोज सकाळी साडेदहा ते एक. कर्मचारी एकच असल्याने शंभर टक्के उपस्थिती त्यांच्याकडूनच अपेक्षित होती. कोर्टालाही तसं पत्र गेलं, आणि कोर्टाने मोठ्या समजूतदारपणे त्या दहा दिवसांतल्या बाईंच्या तारखा दुपारी ढकलल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच वकीलबाई अकरा ते एक कोर्टात नव्हत्या. त्या कोर्टाच्या गच्चीवर होत्या, आणि सतरंजीवर पालथं पडून हातपाय हलवत होत्या.

प्रशिक्षकाला सगळे शिट्टीमास्तर म्हणायचे. माणूस भला होता. पाणी नसताना पोहायला शिकवायचं हे त्यालाही कसंतरीच वाटायचं, पण पगार पाण्यावर अवलंबून नव्हता. बुडणारा माणूस घाबरून आपल्याच गळ्याला मिठी मारतो, तेव्हा त्याला समोरून नाही, मागून धरायचं, हे त्याने बाईंना मन लावून शिकवलं. एकदा त्याने सहज विचारलं, तुम्हाला एका माणसामागे किती वेळ मिळतो? चार मिनिटं, असं बाईंनी सांगितल्यावर तो गंभीर झाला. म्हणाला, चार मिनिटांनी मेंदूला इजा व्हायला लागते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्याकडे तासभराची सुट्टी मागितली. दवाखान्यात जाऊन वही बघायची होती. त्याने आनंदाने दिली असती. पण हजेरी यंत्रावर घ्यायची होती, दर अर्ध्या तासाला अंगठा, आणि एक अंगठा चुकला की प्रशिक्षण पहिल्यापासून. आत्या पुन्हा दवाखान्यात गेली, वकीलबाईंचं पत्र घेऊन. त्यांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, पत्र ठीक आहे, वकील कुठे आहे? आत्याने खरं ते सांगितलं: गच्चीवर पोहतायत. तिला तिथून बाहेर काढण्यात आलं.

मग परिपत्रक आलं. चारशे जॅकेटं आली पण वापर शून्य, याबद्दल वरून विचारणा झाली होती. तेव्हा ठरलं की योजनेचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक आरोपीने कोर्टात हजर असताना 'लाभ परिधान केलेला असावा', आणि त्याचा तारखेसह फोटो जोडावा. दुसऱ्या दिवसापासून गरीब आरोपी नारिंगी जॅकेटं घालून बाकावर बसू लागले. ज्यांचे खासगी वकील होते ती मुलं आपली पांढरे शर्ट घालून शेजारच्या बाकावर. न्यायाधीशांनी चष्मा वर करून हा काय प्रकार आहे असं विचारलं. शासनाचा आदेश आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा परत खाली केला.

याचा पहिला फायदा साक्षीदारांना झाला. आतापर्यंत चोर ओळखताना ते चाचपडायचे, घाबरायचे, कधी कधी शिपायाकडे बोट दाखवायचे. आता प्रश्नच मिटला. काडीच्या प्रकरणातला रखवालदार तर पोलिसांना आधी म्हणाला होता की लांबून पाहिलं, नीट सांगता येणार नाही. जॅकेट पाहिल्यावर तो ठामपणे म्हणाला, हाच. त्याला सांगण्यात आलं की नारिंगी जॅकेटातले सहा जण बसलेत. त्यावर त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, सहाही होते.

वकीलबाईंनी हरकत घेतली, अर्ज केला, साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, रंग बदलून देऊ, पुढच्या आर्थिक वर्षात.

चोवीस तारीख उजाडली. वकीलबाईंचं प्रशिक्षण आदल्या दिवशी संपलं होतं आणि त्यांच्याकडे प्रमाणपत्र होतं, वही नव्हती. आज न्यायाधीशांकडे निदान चार दिवसांची मुदत मागायची, पंचवीसला स्वतः दवाखान्यात जायचं आणि महिना संपायच्या आत पोराला बाहेर काढायचं, असा बेत त्यांनी केला. सकाळी कोर्टात पाऊल ठेवलं तर आवारात मांडव. योजनेचं उद्घाटन आजच होतं. मंत्री येणार होते, आणि बचावाचं प्रात्यक्षिक होणार होतं.

प्रात्यक्षिकाला लाभार्थी हवा होता. दोराने वर ओढायला सोपा म्हणून सगळ्यात हलका निवडला गेला, आणि सगळ्यात हलका काडी होता. पहिल्या मजल्याच्या सज्ज्यावर तुळईला कप्पी लावली. खाली आवार म्हणजे पाणी, वर सज्जा म्हणजे काठ. दोराचं टोक मंत्र्यांच्या हातात द्यायचं, मागून आठ शिपाई ओढणार, आणि सज्ज्यावरून प्रमाणित बचावकर्त्या म्हणून वकीलबाईंनी हात पुढे करायचा. त्यांनी साहेबांना सांगितलं की या मुलाचं प्रकरण आज बोर्डावर आहे, त्याला आणि मला आत असायला हवं. साहेब म्हणाले, तुमचं कोर्ट तर सज्ज्याला लागूनच आहे, पुकारा झाला की ऐकू येईल.

पुकारा झाला. नियमाप्रमाणे तीनदा झाला. पण त्या वेळी मंत्र्यांचं भाषण लाउडस्पीकरवर चाललं होतं आणि तिन्ही पुकारे त्यात वाहून गेले. न्यायाधीशांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, तेव्हा आरोपी खिडकीबाहेर सात फुटांवर जॅकेट घालून लोंबकळत होता. त्यांची आणि त्याची नजरानजर झाली. काडीने नमस्कारही केला. परंतु खिडकीबाहेर असणं म्हणजे कोर्टात हजर असणं नव्हे, हे कायद्याला धरूनच होतं, त्यामुळे 'आरोपी व त्याचे वकील गैरहजर' अशी नोंद झाली आणि पुढची तारीख दीड महिन्यानंतरची पडली.

इकडे काडी सज्ज्यापासून दोन हातांवर आला आणि दोर अडकला. फोटोवाल्यांना तेवढं अंतर सोयीचं पडलं. वरून वकीलबाईंचा हात, खालून मंत्र्यांचा हसरा चेहरा, मधे नारिंगी तरुण. फोटो झाले, टाळ्या झाल्या, मंत्री पुढच्या कार्यक्रमाला गेले, आणि त्यांच्या मागे आठही शिपाई बंदोबस्ताला गेले. जाताना त्यांनी दोराचं टोक खांबाला नीट बांधलं, एवढं म्हणायला हवं. शिट्टीमास्तर शिडी शोधायला पळाला. सज्ज्यावर वकीलबाई उरल्या, आणि समोर अधांतरी काडी.

"कप्पी उलटी बसवलीय, मॅडम," तो म्हणाला. "म्हणून दोर चेपलाय. दोर ढिला करून नुसती फिरवली की सुटेल. पण शिडी येऊ दे, घाई करू नका."

वकीलबाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या हनुवटीवर एक जुना व्रण होता. महिनाभर हा मुलगा त्यांचा अशील होता आणि हे त्यांना माहीत नव्हतं. आजूबाजूला हवालदार नव्हता, पुढचा आरोपी नव्हता, घड्याळ नव्हतं. त्यांनी कठड्याला टेकून विचारलं, "त्या दिवशी काय काय झालं, सगळं सांग. अगदी पहिल्यापासून."

त्याने सांगितलं. दवाखान्यात तो पावणेदहाला पोचला. दोन नंबरची लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकली होती आणि आत दोन नर्स आणि एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना बाहेर काढून, ब्रेक दुरुस्त करून तो सव्वाबाराला निघाला. निघताना दवाखान्याच्या इंजिनिअरने कामाच्या कार्डावर वेळ टाकून सही-शिक्का दिला. एक प्रत त्यांच्याकडे, एक पिवळी प्रत त्याच्याकडे.

"पिवळी प्रत कुठे आहे?"

"पिशवीत होती. पिशवी पोलिसांनी घेतली ना. मी सांगितलं होतं त्यांना. तुम्हालाही सांगणार होतो, पण तुम्ही विचारलंत, घरून कोणी आलंय का, आणि मग वेळ संपली."

वकीलबाईंनी तिथेच फाइल उघडली. सातव्या पानावर जप्त मालाची यादी होती. पाने, तीन. पक्कड, एक. आणि शेवटची ओळ: 'पिवळा तेलकट कागद, एक, निरुपयोगी.' यादी पहिल्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर होती, आणि तो कागद कोर्टाच्याच मुद्देमाल खोलीत, त्यांच्या जिन्यापासून दोन दारं सोडून. दवाखान्यात कोणी जायची गरजच नव्हती. सातव्या पानापर्यंत त्या कधी पोचल्याच नव्हत्या. फाइल मिटून त्या सरळ म्हणाल्या, "चुकलं माझं." काडी म्हणाला, असू दे मॅडम, कप्पीसुद्धा कोणी बघून बसवली नव्हती. वीस मिनिटांनी शिडी आली.

पंचवीस तारखेला वकीलबाई सकाळी साडेदहालाच न्यायाधीशांसमोर उभ्या राहिल्या. सरकारी वकिलांनी हरकत घेतली की कालची गैरहजेरी गंभीर आहे. न्यायाधीश म्हणाले, गंभीर आहे खरी, पण मी ती स्वतः पाहिली आहे. त्यांनी पिवळा कागद मागवला, शिक्का पाहिला, वेळ पाहिली, दवाखान्याच्या इंजिनिअरला फोन करवून खात्री करून घेतली, आणि मुलाला सोडलं. सगळ्याला मिळून चार मिनिटं लागली. आत्या रडली, वकीलबाईही रडल्या, आणि काडीने जॅकेट काढून, घडी करून, सही घेऊन परत केलं.

योजना कार्यालयाला मात्र हे रुचलं नाही. काडीचा बचाव चोवीस तारखेलाच झाल्याचा अहवाल फोटोसह वर गेला होता. पंचवीसला त्याचा पुन्हा बचाव झाला, म्हणजे एकाच लाभार्थ्याने योजनेचा लाभ दोनदा घेतला. याचा खुलासा मागणारी नोटीस वकीलबाईंना आली, आणि त्यांनी ती बोळातल्या टेबलावर इतर कागदांत ठेवून दिली. महिना संपायला अजून तीन दिवस होते. त्या इतक्या खुशीत होत्या की काडीला आणि आत्याला घेऊन त्या स्वतः लिफ्टच्या कंपनीत गेल्या.

सुपरवायझरने उठून खुर्च्या दिल्या. त्याने जागा धरून ठेवली होती, शब्द पाळला होता. पण तो कोणाच्या डोळ्यांत बघेना. शेवटी त्याने खणातून वर्तमानपत्राचं पान काढलं. अर्ध्या पानभर फोटो होता: मंत्री, हात, आणि जॅकेटातला काडी, चेहरा अगदी स्वच्छ. खाली छापलं होतं, 'आरोपी तरुणांना शासनाचा आधार.' खणात त्या पानाखाली एक पत्र होतं. ज्या इमारतींच्या लिफ्टची देखभाल या कंपनीकडे होती, त्यातल्या एका चांगल्या, सुशिक्षित वस्तीच्या इमारतीतल्या रहिवाशांनी ते पाठवलं होतं.

"मला हा मुलगा हवाय, बाई," सुपरवायझर म्हणाला. "पण कंत्राट त्यांच्याकडून आहे."

वकीलबाईंनी पत्र वाचलं. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांना ते मोठ्याने वाचावं लागलं. भाषा फार सभ्य होती. सदर मुलगा निर्दोष सुटला याचा आम्हा सर्वांना आनंदच आहे, असं सुरुवातीलाच होतं. गरीब मुलांना चांगला वकील मिळायला हवा, या शासनाच्या धोरणाला आमचा मनापासून पाठिंबा आहे, असंही होतं. फक्त आमच्या लिफ्टसाठी दुसरा मुलगा पाठवावा. घरात बायका असतात, म्हातारी माणसं असतात. खाली एकतीस सह्या होत्या. काडीने पत्र पुरं होईपर्यंत ऐकून घेतलं, मग आत्याचा हात धरून तिला खाली नेलं. जिन्याने.

सह्या कोणाच्या होत्या, ते इथे सांगण्यात अर्थ नाही. एकूण एक माणूस भला होता; या गोष्टीतल्या रखवालदाराला आणि कारकुनाला हसलाही असता. सही करताना एकाने थोडी कांकू केली होती, बिचारा सुटलाय म्हणतात, असं काहीसं तो म्हणाला. तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहून, त्याच्याच हातातलं पेन घेऊन सही करता करता, 'अहो, काही केलंच नसेल तर बचाव कशाला लागतो माणसाला?' असं तुम्ही त्याला म्हणाला होतात.